एका टेबलावरची दोन लग्नं

"अशी नोंद नाही," खिडकीतला कारकून म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे बघू लागला. नोंद नसलेल्या बाईकडे बघत बसायचा त्याला पगार मिळत नसावा.

चष्मेवाली जागची हलली नाही. ती चष्म्यांच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची, म्हणून तिला घरीदारी सगळे चष्मेवालीच म्हणत. स्वतःला मात्र तिनं कधी चष्मा लावू दिला नव्हता. समोर बसलेला माणूस तक्त्यावरच्या कुठल्या ओळीपर्यंत खरंच वाचतोय आणि कुठून पुढे अंदाजानं ठोकून देतोय, हे तिला नुसत्या आवाजावरून कळायचं. कारकुनाचं "नाही" पडद्याकडे बघण्याच्या आधीच बाहेर पडलं होतं.

"परत बघा," ती म्हणाली.

"बाई, नवऱ्याचं नाव टाकलं, तुमचं टाकलं. ह्या जोडीचं लग्न आमच्याकडे झालेलं नाही."

"झालंय. ह्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. मी होते ना तिथे."

रांगेत मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"मग माझ्या एकटीच्या नावानं बघा."

"एकटीचं लग्न होत नसतं, बाई."

"तेच तर म्हणतेय. माझं नाव सापडलं की शेजारी कुणीतरी असेलच की."

कारकुनानं सुस्कारा टाकला. असा सुस्कारा सरकारी खुर्चीबरोबरच मिळतो. पण तो बोटं चालवायला लागला.

चष्मेवालीला हे लग्न सापडायलाच हवं होतं, आणि तेही येत्या सोमवारच्या कोर्टाच्या तारखेआधी. लग्नाशी तिला आता फारसं देणंघेणं नव्हतं. नवरा वर्षभरापूर्वी, घरच्या दुकानाचं शटर ओढता ओढता छातीत कळ येऊन गेला होता. प्रश्न खारूचा होता. खारू नऊ वर्षांची. नवऱ्याच्या पहिल्या बायकोची मुलगी. ती बायको वारली तेव्हा खारू रांगत होती, आणि चष्मेवाली घरात आली तेव्हा भिंतीला धरून उभी राहायला लागली होती. पहिलं पाऊल तिनं चष्मेवालीच्या दिशेनं टाकलं, पहिला चावाही तिचाच घेतला. सापडेल ती वस्तू खिशात कोंबायची सवय, म्हणून खारू.

नवरा गेल्यावर सहा महिने चष्मेवाली सासरीच राहिली. मग कामाच्या जवळ दोन खोल्या घेऊन मुलीसह वेगळी झाली. थोरल्या दिरांनी लगोलग कोर्टात दावा टाकला, की पोरगी आमच्या भावाची आहे, आमच्या घरातली आहे, ती आमच्याकडेच वाढेल. ही बाई तिची कोण? सावत्र आई म्हणवते, तर लग्नाची नोंद दाखवा. आणि सोबत त्यांच्या वकिलानं ह्याच कार्यालयातून आणलेला कागद जोडला होता, 'अशी नोंद आढळत नाही.'

थोरले दीर खोटं बोलत होते असं नाही. त्यांची आपली एक प्रामाणिक समजूत होती. दोन्ही भावांची लग्नं एकाच दिवशी, एकाच टेबलावर झाली, हे त्यांना चांगलं आठवत होतं. ते स्वतः तिथे नवरदेव होते. पण दोन्हींची फी आता हयात नसलेल्या वडिलांनी भरली, आणि वडील म्हणजे वाकडे खिळेसुद्धा सरळ करून विकणारा माणूस. नट-बोल्टचं दुकान त्यांनी उगाच नाही वाढवलं. म्हाताऱ्यानं मागाहून जाऊन एक नोंद रद्द करून तिची फी परत मागून आणली असेल, असं थोरल्या दिरांच्या मनानं घेतलं, आणि खरं सांगायचं तर घरातल्या कुणालाच ते अशक्य वाटलं नाही.

"हं," कारकून म्हणाला. त्याचा आवाज बदलला. "आहे की."

"सांगत नव्हते?"

"पण नवरा दुसराच आहे." त्यानं नाव वाचलं. "हे कोण?"

चष्मेवालीनं काचेला नाक लावलं. "माझे थोरले दीर."

"दीर? इथे नवरा म्हणून लिहिलंय."

"ज्यांनी माझ्यावर दावा लावलाय ते."

"नवऱ्यानंच दावा लावलाय?" मागच्या गृहस्थांना राहवेना.

"नवरा नाही हो, दीर!"

"इथे नवराच आहे," कारकून ठामपणे म्हणाला. त्याच्या दिवसाला आता कुठे रंग चढत होता.

चष्मेवालीनं दुसरा प्रश्न विचारला. "आता माझ्या नवऱ्याचं एकट्याचं नाव टाका. त्याच दिवसाचं."

ते निघालं. त्याच्या शेजारी तिच्या जावेचं नाव होतं.

मूळ वही बघायला अर्ज लागणार होता, अर्जावर साहेबांची सही लागणार होती, आणि साहेब बाहेर गेले होते. कुठे, ते कुणालाच माहीत नव्हतं. चष्मेवालीनं दुकानात फोन लावला. "मालक, आज मी येत नाही."

"अगं, सकाळपासून चारजण बसलेत डोळे तपासायला."

"आजच्या दिवस जसं दिसतंय तसं दिसू दे त्यांना," ती म्हणाली, आणि साहेबांच्या दाराला अगदी चिकटून असलेल्या बाकावर बसली. साहेबांना आत जायचं तर तिचे पाय ओलांडूनच जावं लागेल अशी तिनं बैठक मारली. दुपारी साहेब आले, पाय ओलांडताना अडखळले, आणि सही करून मोकळे झाले.

वही आली. जुन्या पद्धतीची, उघडली की टेबल व्यापणारी. डावीकडच्या पानावर नवरे, उजवीकडच्या पानावर बायका. एका जोडप्याला एक आडवी ओळ. ती ओळ डाव्या पानावर सुरू व्हायची आणि मधली शिवण ओलांडून उजवीकडे संपायची. चष्मेवालीनं नवऱ्याच्या नावावर बोट ठेवलं आणि सरळ रेषेत सरकवत नेलं. शिवणीच्या पलीकडे जाऊबाई. वरच्या ओळीत थोरले दीर, आणि त्यांच्या समोर ती स्वतः, स्वतःच्या वळणदार सहीसकट.

"सही तुमचीच ना?" साहेबांनी विचारलं.

"माझीच."

"मग सही करताना दिसलं नाही?"

"माझ्या नावापुढे मी सही केली. शेजारच्या पानावर कोण आहे ते कशाला बघू? नवरा तर पाठीमागे उभा होता."

आणि पाठीमागे उभ्या असलेल्यांत सासरेही होते, हे आठवलं तसं तिला सगळंच उलगडलं.

सासऱ्यांच्या दुकानात प्रत्येक नट, प्रत्येक बोल्ट, प्रत्येक वायसर आकारमानानं लावलेला असे. मोठा वर, लहान खाली. घरातली माणसंही त्यांनी तशीच लावली होती. ताटावर बसायचं ते वयानं, आंघोळीला जायचं ते वयानं, फोटोत उभं राहायचं तेही वयानं. सुनांचा मात्र घोटाळा होता. थोरल्या मुलाची बायको चष्मेवालीपेक्षा चांगली चार वर्षांनी लहान. सासऱ्यांनी त्यावर तोड काढून ठेवली होती. लग्न लागेपर्यंत वय बघायचं, लागल्यावर नातं. म्हणून लग्नानंतर, चार वर्षांनी लहान असलेल्या मुलीला चष्मेवालीनं 'अहो जाऊबाई' म्हणायचं, आणि तिनं हिला 'अगं' म्हणायचं, असा कायदा घरात लागू झाला.

पण त्या टेबलाशी लग्न अजून लागायचं होतं. ह्या कार्यालयात नवऱ्याचा फॉर्म वेगळा आणि बायकोचा वेगळा. चौघांचे फॉर्म सासऱ्यांनी गोळा केले, दोन गठ्ठे केले, आणि दोन्ही वयाप्रमाणे लावून कारकुनाच्या हातात दिले. नवऱ्यांत थोरला वर. बायकांत थोरली वर. कारकुनानं वरचा वरच्याशी आणि खालचा खालच्याशी उतरवून घेतला. कुणाचं काही चुकलं नव्हतं. नक्कल घ्यायला वेगळे पैसे पडतात म्हटल्यावर सासरे म्हणाले होते, "त्यांच्याकडे वही आहे ना? मग आपल्याला कागद कशाला?" म्हणून इतक्या वर्षांत कुणाच्या नजरेसही पडलं नाही.

---

चष्मेवालीच्या वकीलबाईंनी दोन्ही ओळींच्या नकला वाचल्या आणि आधी पोटभर हसून घेतलं. मग डोळे पुसले आणि एकदम गंभीर झाल्या.

"हे वाईट आहे."

"चूक आहे एवढंच ना? दुरुस्त करून घेऊ."

"दुरुस्तीला हयात असलेल्या तिघांच्याही सह्या लागतात. तुझी, तुझ्या दिरांची आणि जावेची. ते देतील?"

"दावा लावलाय त्यांनी."

"आणि दुसरं ऐक. आत्ता ते म्हणतात की तू त्यांच्या भावाची बायको नाहीस. हा कागद हातात पडला तर ते म्हणतील की त्यांच्या भावाची बायको जाऊबाई आहे. म्हणजे खारूची सावत्र आई कोण?"

"जाऊबाई."

"नोंद त्यांच्या बाजूची, घर त्यांच्याकडे, दुकान त्यांच्याकडे. तू कोण? मुलीच्या काकाची बायको." वकीलबाईंनी नकला पालथ्या घातल्या. "मी म्हणते, आपण ह्या काढूच नयेत. शाळेचे कागद आहेत, फोटो आहेत, शेजारी आहेत. त्यावर लढू."

"आणि कोर्टानं ते पान मागवलं तर?"

"मागवण्याची शक्यता आहे," वकीलबाईंना कबूल करावंच लागलं.

"मग सोमवारी सगळ्यांसमोर माझ्या तोंडावर आपटण्यापेक्षा मी आजच नेऊन देते."

"त्यांना? वेडी आहेस का?"

"सह्या त्यांच्याच हव्यात ना? मागायला त्यांच्याच दारात जावं लागणार." तिनं नकला उचलल्या. "नाही म्हणाले तर निदान कशासाठी नाही म्हणतात ते तरी कळेल."

वकीलबाईंनी पक्षकाराला आवरायचा आणखी थोडा प्रयत्न केला. पण एक तर ही बाई वळत नव्हती, आणि दुसरं म्हणजे तिचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं.

घरी खारू दारातच उभी होती. एका खिशात दुकानातून ढापलेल्या काचांचे गोल तुकडे, दुसऱ्यात अर्धा खोडरबर. "सापडलं का तुझं लग्न?"

"सापडलं."

"कुठे होतं?"

"दुसऱ्याच्या ओळीत जाऊन बसलं होतं."

खारूनं ह्यावर विचार केला. शाळेत तिलाही कधीकधी दुसऱ्याच्या ओळीत बसवत. "मग बाईंना सांग ना, तुझी जागा तुला द्यायला."

"तेच सांगायला चाललेय. तू शेजारच्या काकूंकडे थांब. आणि त्यांच्या घरातलं काही खिशात घालू नकोस."

---

नट-बोल्टचं दुकान बंद व्हायच्या बेतात होतं. थोरले दीर गल्ल्यावर, जाऊबाई मागच्या बाजूला वायसरांच्या पेट्या लावत होत्या. चष्मेवालीला बघून दोघांनीही हातातलं काम सोडलं नाही, ह्याचा अर्थ दोघंही दचकले होते.

"वकिलांमार्फत बोलायचं ठरलंय," दीर म्हणाले.

"माझ्या वकीलबाईंचं ऐकलं असतं तर हे तुम्हाला कळलंच नसतं, भाऊजी. वाचा."

दिरांनी वाचलं. परत वाचलं. मग चष्मा काढून पुसला, पण मजकूर तोच राहिला. जाऊबाई खांद्यावरून डोकावल्या.

"हे काय? मी धाकट्या भाऊजींच्या समोर... अहो, तुमच्या समोर ही?"

"मामंजींनी फॉर्म वयानं लावले होते."

जाऊबाईंना समजावून सांगावं लागलं नाही. त्याही त्याच घरात राहिल्या होत्या. त्या मटकन स्टुलावर बसल्या. "म्हणजे मी विधवा?"

"आणि मी सवाष्ण," चष्मेवाली म्हणाली. "तुमच्या नवऱ्याच्या जिवावर."

जाऊबाईंना हसू फुटलं. ते अर्ध्यावर थांबलं, कारण तेवढ्यात त्यांना दुसरं काहीतरी सुचलं होतं. त्यांनी नक्कल परत हातात घेतली. ओळीवरून बोट फिरवलं, जसं चष्मेवालीनं फिरवलं होतं.

"म्हणजे कागदावर," त्या हळूच म्हणाल्या, "खारूची आई मी."

जाऊबाईंना मूल झालं नव्हतं. औषधं झाली, तपासण्या झाल्या, लोकांचे सल्ले झाले. ते दुःख त्यांनी कधी कुणापुढे मांडलं नाही, पण वरच्या मजल्यावर खारू हसली की खालच्या मजल्यावर त्यांची भाजी लागायची, हे चष्मेवालीनं बघितलं होतं.

"कागदावर," ती म्हणाली. "मी लपवू शकले असते. आणलाय तो सह्या मागायला. चौथा माणूस आता सही करायला येणार नाही. आपण तिघं केली तर दोन्ही ओळी जागेवर येतील. मग दावा लढा की तुमचा. मुलीला कोण चांगलं सांभाळेल ह्यावर लढा. मी लढायला तयार आहे."

"आणि नाही केली तर?" दिरांनी विचारलं.

"तर तुम्ही सोमवारी कोर्टात माझे नवरे व्हा."

"जीभ फार चालते तुझी."

"अहो, नवऱ्याशीच बोलतेय ना?"

"अगं ए!" जाऊबाई ओरडल्या, आणि मग त्यांचं त्यांनाच कळेना की ओरडायचं कुणावर. शेवटी त्या नेहमीच्या 'अगं'वर आल्या. "अगं, तुला वाटतं तेवढं सोपं नाहीये. तू कामाला जातेस. पोर किल्ली गळ्यात घालून फिरते. इथे मी दिवसभर घरी आहे. काय चुकलं माझं मागते तर?"

"मागताय त्यात काही चुकलं नाही, जाऊबाई. पण मीही सोडणार नाही. आजारपणात रात्र रात्र उशाशी बसलेय मी तिच्या. ती झोपेत हाक मारते ती मला. ती हाक कुठल्या वहीतून उतरवून घेणार तुम्ही?"

दिरांनी नक्कल घडी करून खिशात घातली. "मी वकिलांना दाखवतो. ते सांगतील तसं."

"सही?"

"वकील सांगतील तसं."

चष्मेवालीनं जावेकडे बघितलं. जाऊबाई पेटीतल्या वायसरांकडे बघत होत्या.

---

सोमवारी ती कौटुंबिक कोर्टाच्या खोलीत बसली, तेव्हा तिला उत्तर मिळालेलंच होतं: सही नव्हती. दिरांच्या वकिलाला प्रत्येक वाक्याआधी खोकायची सवय होती, आणि त्या सकाळी तो फारच उत्साहानं खोकत होता.

"नवीन पुरावा हाती आला आहे," तो म्हणाला, आणि नक्कल न्यायाधीशबाईंच्या पुढे ठेवली. त्यांनी ती वाचली, टेबलापलीकडच्या तिघांकडे बघितलं, मग पुन्हा वाचली.

"म्हणजे तुमचं म्हणणं काय आहे?"

"असं की, माझ्या पक्षकाराच्या पत्नी, म्हणजे, कागदोपत्री मयताच्या पत्नी..."

"तुमच्या पक्षकाराची की मयताची? एक काहीतरी ठरवा."

वकील खोकला. "मयताच्या. म्हणून मुलीच्या कायदेशीर सावत्र आई त्याच ठरतात. अर्जदार म्हणून त्यांचं नाव जोडावं अशी विनंती आहे."

चष्मेवालीच्या वकीलबाई उठायला लागल्या. न्यायाधीशबाईंनी हातानंच थांबवलं आणि थोरल्या दिरांना पुढे बोलावलं.

"तुमची बायको कोण?"

दीर वकिलाकडे बघू लागले.

"तिकडे नका बघू. एवढा प्रश्न वकिलाशिवाय सुटायला हवा."

"कागदात लिहिलंय तेच," दीर म्हणाले.

"मी कागदाला विचारत नाहीये. ह्या दोघींपैकी कोण?"

दिरांनी मान वर केली नाही. घाम मात्र आला होता. त्यांना बायकोशी मुळीच वाकडं वागायचं नव्हतं. त्यांना वकिलाचं ऐकायचं होतं, आणि वकिलानं सांगितलं होतं की कागदाला धरून राहा, बाकीचं मी बघतो. "कागदाप्रमाणे," त्यांनी घसा साफ केला, आणि बोट चष्मेवालीकडे केलं. "ही."

खोलीत लेखनिकाचे हात थांबले. चष्मेवाली सरळ समोर बघत राहिली. तिला जावेकडे बघायची हिंमत झाली नाही, आणि गरजही पडली नाही, कारण जाऊबाई बोलावण्याची वाट न बघता उठल्याच होत्या.

"मी बोलू का?"

"शपथ घ्या आणि बोला."

जाऊबाईंनी शपथ घेतली. आवाज चांगलाच चढला होता. "ह्या माणसाची बायको मी आहे. ही नाही. आज सकाळी ह्यांनी मला विचारलं, डब्यात काय आहे. हिला नाही विचारलं. ह्यांचे मोजे कुठे असतात ते मला माहीत आहे. ह्यांच्या आईच्या आजारपणात दोन वर्षं मी काढली. आणि आता इथे उभे राहून मला धाकट्या दिराची विधवा करून मोकळे झाले!"

"अगं, वकिलांनी..." दीर पुटपुटले.

"वकिलांनी सांगितलं म्हणून बायको बदलली तुम्ही? उद्या सांगतील दुकान बदला, तर बदलाल?"

न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं आणि चष्मेवालीकडे बोट केलं. "मला एवढंच सांगा. ह्या बाईंचं लग्न कुणाशी झालं?"

आता जाऊबाई थांबल्या. ह्या क्षणी त्यांना काय सोडावं लागणार आहे, ते त्या खोलीतल्या प्रत्येकाला दिसत होतं. त्यांना सगळ्यांत जास्त. 'मला माहीत नाही' एवढंच म्हटलं असतं तरी पुरलं असतं. त्यांनी साडीचा पदर मुठीत घट्ट धरला.

"माझ्या दिराशी. त्याच दिवशी, माझ्या शेजारी उभं राहून. माझ्या डोळ्यांदेखत. फॉर्म सासऱ्यांनी उलटसुलट दिले." मग एकदम, "मुलगी मला हवी होती. अजूनही हवी आहे. पण तिची आई व्हायला मला आधी ह्यांची बायको नाही असं म्हणावं लागणार असेल, तर ते माझ्यानं होणार नाही. आणि ही तिच्या नवऱ्याची कुणीच नव्हती, असंही माझ्यानं म्हणवणार नाही. मी दोघांना एका ताटात जेवताना बघितलंय."

खोकणारा वकील खोकला, पण नंतरचं वाक्य त्याला सापडलं नाही.

न्यायाधीशबाईंनी खारूला आधल्या आठवड्यात स्वतःच्या खोलीत बोलावून घेतलं होतं, एकटीला. ती काय म्हणाली ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्यांनी लग्न सिद्ध झाल्याचं नोंदवलं, दोन्ही ओळी दुरुस्त करायला तिघांनी तिथल्या तिथे सह्या कराव्यात असं सांगितलं, आणि मुलगी ज्या बाईनं वाढवली तिच्याकडेच राहील असं लिहून दिलं. रविवारी काका-काकूंकडे जायला हरकत नसावी. वेळ दोन्ही बाजूंनी आपसात ठरवावी, ती ठरवायला कोर्टाला वेळ नाही.

थोरल्या दिरांनी मुकाट्यानं सही केली. सही करताना ते बायकोकडे बघत होते. बायको खिडकीकडे बघत होती. ह्या गोष्टीचा हिशेब घरी गेल्यावर होणार होता आणि तो बराच दिवस चालणार होता, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

---

बाहेर जिन्यापाशी जाऊबाईंनी तिला गाठलं. डोळे लाल, पण पदर खोचलेला. म्हणजे काम घेऊन आल्या होत्या.

"रविवारचं बोलायचंय."

"बोला, जाऊबाई."

"ती सकाळी काय खाते?"

"पोळी, पण कडा काढून. कडा खिशात घालते, नंतर कुठेतरी सापडतात. दूध दिलंत तर साय काढा. साय दिसली की दिवसभर काही खात नाही."

"साय काढायची," जाऊबाई स्वतःशीच म्हणाल्या. "आणि?"

"वरच्या जिन्याचं दार लावून ठेवा. एकदा पडलीय. तुमच्या पेट्यांतले नट तिच्या हाती लागू देऊ नका."

"ते ती आधीपासूनच नेते. भरपूर गेलेत." जाऊबाई थोड्या हसल्या. "मी मोजत नव्हते."

"डुलकी घ्यायला लावू नका, रात्री जागते मग. आणि दाताला गोड काही नको, दाढ किडलीय."

"थोडंसं?"

"अजिबात नाही."

"अगं, एखादं..."

"जाऊबाई."

"बरं. नाही." त्यांनी खोचलेला पदर परत खोचला. "विचारलं तिनं, की मी तिची कोण, तर काय सांगू?"

"काकू. ती तुम्हाला काकूच म्हणते. तुम्ही तिला कधी दुसरं काही शिकवू नका, आणि मी तिला तुमच्याविरुद्ध काही शिकवणार नाही. एवढं आपल्या दोघींत ठरलं तर मी तिला स्वतः आणून सोडेन."

जाऊबाईंनी मान डोलावली.

"संध्याकाळी आठला आणून पोचवते."

"सहाला."

"सहाला तर ऊनही उतरत नाही! सात."

"दुसऱ्या दिवशी शाळा असते. सहा."

"साडेसहा," जाऊबाई म्हणाल्या. "ह्यांचं दुकान बंद होतं, मग आम्ही दोघं मिळून येऊ."

चष्मेवालीनं जिन्याच्या कठड्याला हात लावला. समोर एक बाई उभी होती, जिनं आत्ताच भर कोर्टात स्वतःच्या हातानं मूल सोडलं होतं आणि तरी अर्ध्या तासासाठी घासाघीस करत होती. ती घासाघीस तिला आवडली. पण खारूला सोमवारी सकाळी उठवायचं कुणाला असतं?

"सहा," ती म्हणाली, आणि शाळा सुटायच्या आत पोचायचं म्हणून भराभर जिना उतरू लागली.